चांदण्यांच्या कासवाचे घराणे

महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला हात लावून आपण आत जातो. पण जिवंत कासवाची माहिती आपल्याला थोडीच असते. आम्हांलाही नव्हती.

आम्ही पुण्यात नारायण पेठेत राहतो. मुठा नदी जवळच आहे. एकदा शेजारचा मुलगा बादलीतून कासव घेऊन आला. एवढेसे, करवंटीएवढे. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघा, जणू चांदण्याच. कुणीतरी हौसेने विकत घेतले होते, आता ते नको झाले होते.

"गुरुजी, नदीत सोडू का?" त्याने विचारले.

"थांब बाबा," आम्ही म्हणालो. ही चूक आम्ही पूर्वी केली होती. असेच एक कासव आम्ही विहिरीत सोडले. वाटले, पुण्य केले. दुसऱ्या दिवशी ते मरून तरंगत होते. हे तारा कासव जमिनीवर राहते, गवत-पाला खाते. ते पाण्यातले नव्हेच.

मग रानात सोडावे काय? तेही नाही.

आपले बैल पाहा. खिल्लार माणदेशाच्या कोरड्या मुलखातला. डांगी सह्याद्रीच्या धो धो पावसातला. डांगीचे कातडे तेलकट, त्यावरून पाणी ओघळून जाते. खिल्लाराला चार महिने त्या पावसात भातखाचरात जुंपा, काय हाल होतील! पिढ्यान्‌पिढ्या एका मुलखात राहून हे गुण अंगी येतात.

तारा कासवांचीही दोन घराणी आहेत. एक राजस्थान-गुजरातकडचे. दुसरे दक्षिण हिंदुस्थान आणि श्रीलंकेकडचे. मूळ एकच, पण फार जुन्या काळी भाऊ वेगळे झाले. नुसत्या डोळ्यांनी फरक कळणे कठीण. मग ओळखले कसे? प्रत्येक जिवाच्या अंगात आईबापांकडून आलेली एक खूण असते. तिला डीएनए म्हणतात. थेंबभर रक्तातही ती सापडते. जुन्या मोडी कागदांवरून घराण्याची वंशावळ लावतात ना, तशी शास्त्रज्ञ ही खूण वाचतात.

त्यातून एक नवल कळले. आफ्रिकेत मांड्यांवर काटे असलेले एक प्रचंड कासव आहे. त्याच्या पाठीवर चांदण्या नाहीत, तरी ते आपल्या तारा कासवाचे जवळचे भाऊबंद. आणि तिथलेच ठिपक्यांचे बिबट्या कासव दिसायला जवळचे, पण नात्याने लांबचे! तोंडावळ्यावरून सोयरीक ठरवणारे इथे फसतील.

चोरटे व्यापारी दोन्हींकडची कासवे पकडून विकतात. ती कुठेही सोडली तर घराणी मिसळतात, आणि मुलखाला सोसणारे गुण पुढच्या पिढीत पातळ होतात. कधी रोगही पसरतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ही कासवे धरणे, विकणे, घरात बाळगणे गुन्हा आहे. २०१९ साली देशोदेशींमधला त्यांचा व्यापारही बंद ठरला.

आम्ही कासव कोरड्या खोक्यात ठेवले आणि वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिले. वाटेत मुलगा विचारू लागला, "गुरुजी, हे कोणत्या घराण्यातले?"

आम्ही म्हणालो, "ते रक्त तपासल्यावर कळेल. तोवर त्याला कुठल्याच रानात सोडायचे नाही."