न मागितलेला उपचार आणि त्याचे देयक

ग्राहक म्हटला की डोळ्यांसमोर सहसा किराणा दुकान, तराजू आणि वजनमापे उभी राहतात. दवाखान्यात उपचार घेणारी व्यक्ती स्वतःला ग्राहक समजत नाही. वैद्यक व्यवसायाविषयी समाजात असलेल्या आदरामुळे तसे समजणे तिला प्रशस्तही वाटत नाही. हा आदर योग्यच आहे. तथापि उपचार संपल्यावर हाती पडणाऱ्या देयकात जेव्हा आपण न मागितलेल्या उपचारांचाही आकार लावलेला आढळतो, तेव्हा काय करावे हे सुशिक्षित माणसासही उमगत नाही. काही जण मुकाट्याने पैसे भरतात. काही जण दारात वाद घालून निघून जातात आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत. या दोन्ही मार्गांनी प्रश्न सुटत नाही.

पुणे शहरात दंतवैद्यांची संख्या मोठी आहे. शहरातील नागरिकांप्रमाणेच मुळशी, भोर, पुरंदर, हवेली या तालुक्यांतील ग्रामस्थही दातांच्या उपचारासाठी पुण्यासच येतात. दातांचे दुखणे हे बहुधा खाजगी दवाखान्यातच दाखविले जाते आणि खर्च पदरचा करावा लागतो. म्हणूनच या विषयाची कायदेशीर व व्यावहारिक बाजू समजून घेणे आवश्यक ठरते.

एक नमुना प्रसंग

समजा, सदाशिव पेठेत राहणारे एक सेवानिवृत्त शिक्षक दुखणारी दाढ भरून घेण्यासाठी दवाखान्यात गेले. ठरले ते एका दाढेचे काम. आकार सांगितला गेला १,५०० रुपये. काम चालू असताना शेजारच्या दोन दातांना कीड लागल्याचे दंतवैद्यांस दिसले. त्यांनी त्याच बैठकीत ते दोन्ही दात भरले आणि शेवटी सर्व दात साफही केले. देयक झाले ६,००० रुपये. गुरुजींनी विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, “कीड होतीच. आज ना उद्या हे करावेच लागले असते.”

हे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या खरेही असू शकेल. परंतु येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत आणि ते वेगळे करणे हीच या विषयाची गुरुकिल्ली होय. उपचार आवश्यक होता काय, हा पहिला प्रश्न. त्या उपचारास रुग्णाची संमती होती काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप ‘होय’ होत नाही. गुरुजींना कदाचित दुसऱ्या वैद्यांचे मत घ्यावयाचे असेल, कदाचित पुढील महिन्याचे निवृत्तिवेतन येईपर्यंत थांबावयाचे असेल. तो निर्णय त्यांचा होता.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

या प्रश्नावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निर्णय मार्गदर्शक आहे. प्रकरण दिल्लीचे असून ते दातांचे नव्हते. परंतु त्यातील तत्त्व सर्वच उपचारांना लागू पडणारे आहे. १९९५ साली ४४ वर्षे वयाच्या एका महिलेवर दुर्बिणीद्वारे तपासणी करण्याचे ठरले होते व तेवढ्यापुरत्या संमतिपत्रावर तिने सही केली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांना आजाराचे स्वरूप गंभीर वाटले. बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया त्याच वेळी करण्यात आली. पुढे शस्त्रक्रियेच्या शुल्कावरून वाद झाला आणि महिलेने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे २५ लाख रुपयांच्या भरपाईची तक्रार दाखल केली. आयोगाने ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अपील अंशतः मान्य केले.

न्यायालयाने सांगितलेली सूत्रे थोडक्यात अशी: संमती ही खरी व समजून दिलेली असली पाहिजे. त्यासाठी उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके व उपलब्ध पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णास दिली गेली पाहिजे. तपासणीस दिलेली संमती ही उपचारास दिलेली संमती नव्हे. तसेच एका उपचारास दिलेली संमती दुसऱ्या उपचारास पुरत नाही. रुग्ण सज्ञान व विचारक्षम असेल तर नातेवाइकाची संमती त्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. या नियमाला अपवाद एकच. प्राण वाचविण्यासाठी किंवा आरोग्य राखण्यासाठी अधिकचा उपचार तातडीने करणे भाग असेल आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे योग्य नसेल, तरच संमतीविना तो करता येतो.

या निर्णयाचा शेवट विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शस्त्रक्रिया हयगयीने केली, असे न्यायालयाने म्हटले नाही. तरीही संमती नसल्यामुळे शस्त्रक्रियेचे संपूर्ण शुल्क डॉक्टरांस मिळणार नाही आणि शिवाय त्यांनी २५,००० रुपये भरपाई द्यावी, असा आदेश देण्यात आला. काम चांगले झाले एवढ्याने देयक वसूल होत नाही, हा त्याचा अर्थ होय.

दंतोपचाराचे वेगळेपण

दातांच्या बाबतीत हे तत्त्व अधिकच स्पष्टपणे लागू होते. दातांचे बहुतेक उपचार जागेपुरती भूल देऊन केले जातात. रुग्ण शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येते, समजते. ‘रुग्णास विचारता आले नाही’ ही सबब तेथे क्वचितच टिकते. अडचण एवढीच की त्याचे तोंड उघडे असते, त्यात उपकरणे असतात आणि तो बोलू शकत नाही. अशा स्थितीत मान हलली की संमती मिळाली, असे समजणे धोक्याचे आहे. दोन मिनिटे काम थांबवावे, रुग्णास सरळ बसवावे, आरशात किंवा एक्स-रेवर दात दाखवावा, आकार सांगावा आणि मगच पुढे जावे, ही पद्धत रुग्ण व दंतवैद्य या दोघांच्याही हिताची आहे.

तसेच दात एकदा कोरला की पूर्ववत होत नाही. दुकानातून आलेली नको असलेली वस्तू परत करता येते. भरलेला दात परत करता येत नाही. म्हणून संमती आधीच घेतली जाणे येथे महत्त्वाचे.

दुसरी बाजू

वाद घालण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणेही न्यायबुद्धीने तपासले पाहिजे. किडीची खोली पुष्कळदा दात कोरल्यावरच कळते. भरण्यासाठी घेतलेल्या दाढेस रूट कॅनाल करावे लागेल, असे मध्येच आढळू शकते. याची शक्यता आधी सांगितली असेल व रुग्णाने ती मान्य केली असेल, तर वाढीव आकारास हरकत घेता येणार नाही. मध्येच विचारणा झाली आणि रुग्णाने होकार दिला, पण आता आकडा पाहून त्याचे मन बदलले, तर ती तक्रार प्रामाणिक नव्हे. तपासणीचे शुल्क व निदानासाठी काढलेल्या एक्स-रेचा वाजवी आकार हाही बहुधा ठरलेल्या कामाचाच भाग असतो.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० चा आधारही कधी घेतला जातो. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे व मोबदल्याच्या हेतूने काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई करावी, असे हे कलम सांगते. परंतु लाभ नाकारण्याची संधी असूनही तो स्वीकारला गेला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली स्पष्ट केले आहे. ज्यास विचारलेच नाही त्याला नाकारण्याची संधी मिळाली, असे म्हणता येत नाही.

हरकत कशी घ्यावी

पहिली पायरी म्हणजे तपशीलवार देयक मागणे. ‘दंतोपचार – ६,००० रुपये’ एवढ्या एका ओळीवरून काहीच कळत नाही. कोणत्या दातावर कोणते काम केले व त्याचा आकार किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिलेल्या सेवेचे विहित रीतीने बिल किंवा पावती न देणे हा अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार मानला आहे. त्याचबरोबर उपचारपत्र, एक्स-रे आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रतही मागावी.

दुसरी पायरी म्हणजे मान्य व अमान्य रकमा वेगळ्या करणे. वरील प्रसंगात दाढेच्या कामाचे १,५०० रुपये देणे लागतेच. ते पावती घेऊन चुकते करावेत. उरलेल्या ४,५०० रुपयांविषयी हरकत नोंदवावी. संपूर्ण रक्कम भरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ‘हरकत राखून भरले’ असे देयकाच्या प्रतीवर लिहून तारीख घालावी. संपूर्ण देयक नाकारणे हे अन्यायाचे तर होतेच, शिवाय त्याने स्वतःची बाजूही कमकुवत होते.

तिसरी पायरी लेखी पत्राची. पत्र संयमित भाषेत व थोडक्यात असावे. नमुना असा:

“मा. डॉक्टरसाहेब यांस, सप्रेम नमस्कार. दिनांक ... रोजी आपल्या दवाखान्यात एका दाढेच्या कामासाठी आलो होतो. त्याचा आकार १,५०० रुपये ठरला होता व तो मी दिला आहे. त्याच वेळी आणखी दोन दात भरण्यात आले व दात साफ करण्यात आले. या कामांविषयी मला आधी विचारण्यात आले नाही व माझी संमती घेण्यात आली नाही. सबब त्यापोटी लावलेले ४,५०० रुपये मला मान्य नाहीत. माझी संमती घेतल्याची नोंद असल्यास तिची प्रत द्यावी. अन्यथा देयक दुरुस्त करून मिळावे. पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. कळावे.”

पत्र पोच घेऊन किंवा पोच मिळेल अशा टपालाने द्यावे. अनेक तंटे या पायरीवरच मिटतात, कारण बऱ्याच वेळा मूळ कारण लबाडी नसून बोलण्यातील अपुरेपणा असते.

वाद चालू असताना अर्धवट राहिलेला उपचार मात्र टाकून देऊ नये. तात्पुरता भरलेला दात किंवा तात्पुरते बसविलेले कवच तसेच राहिल्यास नुकसान रुग्णाचेच होते. दुसऱ्या दंतवैद्यांकडून किंवा दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयातून तपासणी करून लेखी मत घ्यावे. ते पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

ग्राहक आयोगाचे दार

ग्राहक चळवळीत पुण्याचे स्थान मानाचे आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशाच्या ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी स्पष्ट केले. जेथे सर्वच रुग्णांना विनामूल्य सेवा दिली जाते, ती सेवा मात्र या कक्षेबाहेर राहते. जुन्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातून वैद्यकीय सेवा वगळल्या गेल्या आहेत, हे म्हणणे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले नाही.

मोबदला दिलेला असो वा देण्याचे कबूल केलेले असो, दोन्ही प्रकारची व्यक्ती ग्राहक ठरते. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हा २०१९ च्या कायद्यानुसार सेवेतील उणिवेचा भाग आहे. तक्रार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावयाची असते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही ती दाखल करता येते. त्यामुळे पुण्यात उपचार घेतलेल्या सातारच्या रहिवाशाने पुण्यास हेलपाटे घालण्याची गरज नाही. सेवेचा मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील देण्याची सक्ती नाही. उभयपक्षी समेटाची शक्यता दिसल्यास आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. आयोगाचा आदेश मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. व्यावसायिक वर्तनासंबंधीची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. मात्र पैशाचा परतावा हा ग्राहक आयोगाचा विषय आहे.

रुग्ण दाखल करून घेणाऱ्या शुश्रूषागृहांसाठी महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये सुधारित नियम केले. रुग्ण हक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणे त्यांत बंधनकारक आहे. खाटा नसलेल्या साध्या दंत दवाखान्यास हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही दरफलक लावणे ही चांगली प्रथा असून ती कोणीही स्वेच्छेने स्वीकारू शकतो.

शाळा व पंचायतींचे कार्य

गावात किंवा शाळेत दंततपासणी शिबिरे भरतात. ती उपयुक्त असतात. तथापि शिबिरास परवानगी देताना तीन गोष्टी मुख्याध्यापकांनी व ग्रामपंचायतीने पाहाव्यात. तपासणी व उपचार यांतील फरक पालकांना आधी लेखी कळवावा. अज्ञान मुलांवर उपचार करावयाचा असल्यास पालकांची त्या विशिष्ट उपचारापुरती संमती घ्यावी; शिक्षकाची सही त्याऐवजी चालणार नाही. शिबिरातून पुढे खाजगी दवाखान्यात पाठविले जाणार असल्यास तेथील आकार आधीच जाहीर करण्यास सांगावे.

वडीलधाऱ्या मंडळींच्या बाबतीत मुलगा किंवा सून दवाखान्यात सोबत असते आणि सगळे बोलणे त्यांच्याशीच होते. खर्च मुलगा करणार असला तरी दात आजोबांचे आहेत, हे विसरता कामा नये. स्त्रियांच्या बाबतीतही पतीचा होकार हा पत्नीचा होकार नव्हे. २००८ च्या निर्णयाचा हा भाग ग्रामसभेत व महिला मंडळांत आवर्जून सांगण्यासारखा आहे.

खुर्चीत बसण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न चारच आहेत. कोणत्या दातावर काय करणार? ते आजच करणे जरूर आहे काय? खर्च किती? काम वाढल्यास मला आधी सांगाल ना? हे प्रश्न विचारण्यात वैद्यांचा अनादर नाही. प्रामाणिक दंतवैद्यास त्यांचे स्वागतच वाटेल, कारण आधी झालेल्या चार वाक्यांच्या बोलण्याने नंतरचा मोठा तंटा टळतो. येत्या राष्ट्रीय ग्राहक दिनी शाळांच्या फळ्यांवर आणि ग्रामपंचायतींच्या सूचना फलकांवर हे चार प्रश्न लिहिले गेले, तर दिल्लीच्या न्यायालयात सांगितलेले तत्त्व गावच्या माणसाच्या हाती येईल.