भल्लातक-शोधन आणि यकृतातील विकरे

विदर्भातील वैद्यांस बिब्बा, अर्थात भल्लातक, नित्य परिचित आहे. त्याची गोडंबी आपण पौष्टिक म्हणून खातो. फलत्वचेतील तेल मात्र अंगावर उतते. या तेलातील भिलावनॉल ही फिनॉलवर्गीय द्रव्ये त्या दाहास कारणीभूत होत. म्हणूनच शास्त्राने भल्लातकाचे शोधन अनिवार्य मानले आहे.

प्रचलित विधीनुसार वृंत काढलेली पक्व फळे सात दिवस गोमूत्रात व सात दिवस गोदुग्धात ठेवतात. नंतर विटेच्या चुऱ्यात घासून धुतात. चुरा तेल शोषून घेतो. दुग्धसंस्काराचे महत्त्व चरकोक्त भल्लातकक्षीरातूनही स्पष्ट होते.

या संस्काराचा शरीरातील विकरांवर काय परिणाम होतो? मद्रास विद्यापीठात १९९० च्या दशकात दुग्धसिद्ध भल्लातकाचे प्रयोग झाले. अफ्लाटॉक्सिनने यकृतार्बुद उत्पन्न केलेल्या उंदरांत या कल्पाने प्रतिऑक्सीकारक यंत्रणा बळावल्याचे त्यांत आढळले. तथापि, हा निष्कर्ष विशिष्ट कल्पाचा व विशिष्ट रोगावस्थेचा आहे. शोधनाचे फल सिद्ध करण्यासाठी अशोधित द्रव्य, शोधित द्रव्य व औषधरहित असे तीन गट एकाच प्रयोगात हवेत.

विकरांचे अर्थही भिन्न आहेत. ए.एल.टी. प्रामुख्याने यकृताचे निदर्शक आहे, ए.एस.टी. स्नायूंतही असते, तर अल्कलाइन फॉस्फटेज अस्थींतूनही येते. म्हणून केवळ एका आकड्यावरून निर्णय करू नये. यकृताची सूक्ष्मदर्शी तपासणीही पाहावी.

धंतोलीसारख्या रुग्णालयांनी गजबजलेल्या परिसरात चिकित्सा करताना आम्हांस एक गोष्ट विशेष जाणवते. यकृताची तपासणी प्राकृत आली की रुग्ण औषध निर्दोष मानतो. परंतु बिब्बा उतणे ही त्वचेची प्रतिकारशक्तिजन्य प्रतिक्रिया असून ती या विकरांत दिसत नाही. उंदरातील प्राकृत विकरे रुग्णाच्या त्वचेची हमी देऊ शकत नाहीत.

सबब, औषधनिर्मात्यांनी चुरा तेलकट होणे थांबेपर्यंत तो बदलावा, कामगारांस हातमोजे द्यावेत व प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी. भल्लातक हे औषध नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट आहे. त्यामुळे पोटात घ्यावयाच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत आवश्यक आहे. वैद्यबंधूंनी पित्तप्रकृती, ऋतू आणि काजूच्या टरफलाच्या तेलाने पूर्वी झालेला त्रास यांची विचारपूस करूनच अल्प मात्रेने आरंभ करावा. कंडू वा मूत्रदाह होताच औषध थांबवावे.