औषध-सुरक्षा संशोधकाची वेबसाइट: चार पानं पुरेत, पण फॉर्म नको!

समजा, तुमचं पहिलं वेबसाइटचं काम एका औषध-सुरक्षा संशोधकाकडून आलं. बाजारात आलेल्या औषधांचे दुष्परिणाम नोंदवणं आणि तपासणं, म्हणजेच फार्माकोव्हिजिलन्स, हे त्यांचं क्षेत्र. त्यांना ऑनलाइन दुकान नको, लोकांचा विश्वास हवा.

चार पानं करा: ओळख, संशोधन, व्याख्यानं, संपर्क. संशोधनाच्या पानावर प्रत्येक लेखाची डीओआय लिंक आणि त्यांचा १६ अंकी ऑर्किड आयडी द्या. वाचणारा स्वतः पडताळून बघेल.

खरी मेख आहे संपर्काच्या पानावर. सवयीने आपण तिथे फॉर्म टाकतो. मग कुणीतरी हमखास लिहिणार, "गोळी घेतली आणि अंगावर पुरळ आलं, काय करू?" झालं! रुग्णाची खासगी माहिती तुमच्या होस्टिंगवर पडून राहिली. आणि तो मेसेज चार दिवस कुणी उघडलाच नाही तर?

म्हणून फॉर्म काढा, फक्त कामाचा ईमेल द्या. त्याच्या वरच ठळक लिहा: 'इथे वैद्यकीय सल्ला मिळत नाही. त्रास होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. दुष्परिणाम कळवण्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन: १८००-१८०-३०२४.' ही हेल्पलाइन गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची आहे. साइट सुरू करण्याआधी नंबर स्वतः लावून बघा.

आणि हो, डोमेन ग्राहकाच्याच नावावर घ्या, तुमच्या नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या ग्राहकाच्या साइटवरचा फॉर्म उघडा. तिथे कोण काय लिहील, आणि ते वाचणार कोण? उत्तर नसेल, तर फॉर्मही नको.