मोबाईलची विजेरी : उपयोग आणि मर्यादा

आमच्या गावात हातातल्या टॉर्चला बॅटरी म्हणतात. मोबाईलच्या पाठीवर जो दिवा असतो त्यालाही बॅटरीच म्हणतात. पण मोबाईलच्या आत वीज साठवणारी बॅटरी वेगळी. म्हणून घोटाळा नको. या लेखात मी दिव्याला विजेरी म्हणते.

मोबाईलची विजेरी फार उपयोगी आहे. लाईट गेली की आई तिच्या उजेडात भाकरी करते. पायात काटा मोडला तर तो दिसतो. कॉटखाली गेलेले पेन सापडते. मोबाईल नेहमी जवळ असतो, त्यामुळे ती शोधावी लागत नाही.

तो दिवा एलईडी जातीचा असतो. जुन्या बल्बमध्ये तार तापून उजेड पडे, त्यात बरीच वीज उष्णतेत वाया जाई. एलईडीत तार नसते, म्हणून थोड्या विजेत जास्त उजेड मिळतो. खरे तर त्याच्या आत निळा उजेड तयार होतो. वरच्या पिवळ्या थरामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मर्यादा. आमचे वडील, म्हणजे अण्णा, गव्हाला पाणी द्यायला रात्री जातात. कारण आमच्याकडे शेतीची वीज काही दिवस रात्रीच येते. गेल्या हिवाळ्यात ते नुसता मोबाईल घेऊन दारं धरायला गेले. दोन्ही हातांत खोरे, म्हणून मोबाईल खिशात, उजेड बाहेर. खाली वाकले की उजेड पायाशीच पडे. बॅटरी आधीच अर्धी होती. मध्यरात्रीनंतर ती संपली आणि विजेरी विझली. फोनही बंद झाला.

घरी आजी जागी होती. तिने फोन लावायला सांगितला, तो बंद लागला. आजी काकांना म्हणाली, "आरं, त्याचा फोन लागंना. ती जुनी बॅटरी घे आन् बघून ये जा." काका तीन सेलची विजेरी घेऊन गेले. अण्णा बांधावर अंधारात उभे होते. दोघे परत निघाले तेव्हा दहा-बारा पावलांवर वाटेत मण्यार आडवी दिसली. काळी, अंगावर पांढरे पट्टे. ती निघून जाईपर्यंत दोघे थांबले. अण्णा म्हणाले, "तू आला नसतास तर मी तसाच अंधारात निघणार होतो." हे ऐकून आई काही बोलली नाही. तिने चहा ठेवला.

मी शाळेत बाईंना विचारले, लहान विजेरीने लांबचे का दिसत नाही? बाईंनी प्रयोग करायला सांगितला. तुम्हीही करा. पुठ्ठ्याला २ सेंमी बाजूचे चौकोनी भोक पाडा. ते विजेरीसमोर १० सेंमीवर धरा. विजेरीपासून २० सेंमीवर गणिताची चौकटीची वही धरा. उजेडाचा चौकोन ४ सेंमी बाजूचा होतो. आता वही ४० सेंमीवर न्या. चौकोन ८ सेंमीचा होतो. म्हणजे १६ चौरस सेंमीचे ६४ झाले. अंतर दुप्पट झाले की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून तो पाव होतो. हातातल्या विजेरीत दिव्यामागे चकचकीत वाटी असते. ती उजेड गोळा करून पुढे फेकते. मोबाईलच्या दिव्याला तशी वाटी नसते. तो मुळात जवळचा फोटो काढण्यासाठी बसवलेला आहे.

दुसरी मर्यादा सगळ्यांत मोठी आहे. विजेरी आणि फोन एकाच बॅटरीवर चालतात. उजेडासाठी बॅटरी संपवली तर अडचणीत १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलावता येत नाही. साप चावला तर लवकर सरकारी दवाखान्यात जावे लागते. तिथे औषध असते. चावलेल्या जागी कापू नये, घट्ट बांधू नये, माणसाला चालवू नये.

शेवटी चार गोष्टी लक्षात ठेवा.
१. मोबाईलची विजेरी घरात व जवळच्या कामाला वापरा.
२. रानात जाताना वेगळी विजेरी व काठी घ्या, पायात बूट घाला.
३. मोबाईल पूर्ण चार्ज करून खिशात बंद उजेडाने ठेवा.
४. कोणाच्या डोळ्यांत उजेड मारू नका.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना विनंती आहे की, त्यांनी आज घरी जाऊन आपली जुनी विजेरी शोधावी. सेल गंजले असतील तर बदलावेत. आमची विजेरी आता दाराजवळ खुंटीला असते. अण्णा निघाले की ती त्यांच्या हातात देण्याचे काम माझे आहे.