शांततेची चर्चा विहारात आली पाहिजे



ताडकळसच्या एखाद्या माउलीने विचारले, "जगातल्या लढायांशी आपला काय संबंध? आपण पूर्णा तालुक्यातली कष्टाची माणसे," तर तिला काय उत्तर द्यावे?

उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९४८ साली परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारने संस्थानचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेला आणि १६ सप्टेंबर १९४८ रोजी तो पॅरिस येथे सुरक्षा परिषदेपुढे निघाला. दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. तोच आपला मराठवाडा मुक्तिदिन. म्हणजे आपल्या गावाच्या भवितव्याची गोष्ट सातासमुद्रापलीकडे निघाली होती. परंतु ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याला तिचा पत्ताही लागला नसेल. ज्याच्याविषयी बोलले जाते त्यालाच ते ऐकू येऊ नये, हेच मुकेपण होय.

हे मुकेपण मोडण्यासाठी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. पुढे 'बहिष्कृत भारत' व 'जनता' आली. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या आठ महिने आधी, 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. बाबासाहेबांची नजर गावकुसापाशी थांबली नव्हती. अमेरिकेतील निग्रो बांधवांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचनात येताच १९४६ साली त्यांनी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांचे गाऱ्हाणेही जगाच्या दारी न्यावे, हा विचार त्यामागे होता. एक बातमी नीट वाचली, तर ती किती दूर नेते पाहा!

आता धम्माकडे वळू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य आणि कोलिय यांच्या नोकरांत मारामारी झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला. त्याने सुचविले की, शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. मोठ्या बहुमताने ही सूचना फेटाळली गेली. सिद्धार्थाने युद्धात भाग घेण्यास नकार दिला आणि परिव्रज्या पत्करली.

जायकवाडीच्या कालव्याच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याचा तंटा समजावून सांगावा लागत नाही. परंतु यातला बोध लक्षात घ्या. मने तापली की बहुमतही चुकते. म्हणून ठराव येण्यापूर्वी, शांतपणे, दोन्ही बाजू ऐकून चर्चा झाली पाहिजे. लवादाची ती सूचना आजच्या राष्ट्रांनाही लागू आहे. सुरक्षा परिषदेत पाच कायम सभासदांना नकाराधिकार आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाविरुद्धचा ठराव रशियाच्या एका नकाराने पडला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती निकाल! हे न्यायाला धरून आहे काय? आणि त्या युद्धामुळे सूर्यफुलाचे तेल महागले, तेव्हा आपल्या चुलीवरच्या कढईलाही झळ बसलीच ना?

आज घरोघर मोबाइल आहे, परभणीची आकाशवाणी आहे, वर्तमानपत्र आहे. परंतु खोटी चित्रे आणि द्वेषाचे संदेशही त्याच मोबाइलवर येतात. कालामांना तथागतांनी सांगितले होते की, ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा कोणी मोठा सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. असत्य पुढे पाठविणे हा चौथ्या शीलाचा भंग आहे, मग ते तोंडाने पाठवा की बोटाने!

म्हणून रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलीने एक बातमी मोठ्याने वाचावी. तीच बातमी दुसऱ्या पत्रात कशी आली आहे, ते दुसऱ्याने सांगावे. मग वडीलधाऱ्यांनी आणि आयाबायांनी मत द्यावे. मतभेद झाला तर आवाज चढवू नये. जे ठरेल ते चार ओळींत लिहून वर्तमानपत्राकडे पाठवावे.

चर्चेसाठी प्रश्न :
१. सिद्धार्थाची सूचना संघाने का फेटाळली असावी?
२. पाच राष्ट्रांच्या हाती नकाराधिकार असावा काय?
३. गेल्या आठवड्यात आपण न पारखता कोणता संदेश पुढे पाठविला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आधी स्वतःला द्यावे. जगाची शांतता तेथूनच सुरू होते.

जय भीम! नमो बुद्धाय!