इलेक्ट्रोड बदलल्यास जोडाची फेरचाचणी केव्हा घ्यावी?

सिल्व्हासा परिसरात कारखाने उभे राहिल्यापासून डोकमर्डीसारख्या गावांतील तरुणांना संधात्याचा, म्हणजेच वेल्डरचा, व्यवसाय खुला झाला आहे. वाफेच्या वा वायूच्या टाकीचा जोड बाहेरून सुबक दिसला, तरी त्याचे बळ केवळ डोळ्यांनी ठरविता येत नाही. तो निखळल्यास कामगारांच्या जिवावर बेतते. म्हणून प्रथम नमुन्याचा तुकडा जोडून त्याच्या ताण व वाक चाचण्या घेतात आणि सिद्ध झालेली पद्धत लेखी नोंदवितात. भारतीय मानक ७३०७ तसेच अमेरिकेतील ‘आस्मे’ संहितेचा नववा विभाग यांचा विषय हाच आहे.

समजा, एका कार्यशाळेने ई ७०१८ इलेक्ट्रोड वापरून पद्धत सिद्ध केली. यातील ७० हा आकडा दर चौरस इंचास ७०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४९० मेगापास्कल, इतके किमान ताणबल दर्शवितो. १ म्हणजे सर्व स्थितींत उपयुक्त, तर ८ म्हणजे लोहचूर्णयुक्त अल्प-हायड्रोजन आवरण. पुढे हा माल संपला आणि ई ६०१३ हाती आला, तर काय करावे?

‘आस्मे’नुसार ई ७०१८ हा एफ-४ गटात, ई ६०१० हा एफ-३ गटात व ई ६०१३ हा एफ-२ गटात मोडतो. गट बदलला की पद्धतीची नवी चाचणी अनिवार्य ठरते. एफ-गट आणि जोडधातूच्या रासायनिक घटकांचा ए-क्रमांक कायम राहून केवळ वर्गीकरण बदलले, तर सामान्य कामात लेखी पद्धतीतील दुरुस्ती पुरते.

परंतु जेथे आघात-चाचणी आवश्यक असते, तेथे वर्गीकरणातील बदलही सामान्यतः फेरचाचणीस कारण होतो. त्यास काही अपवाद आहेत. ई ७०१८ ची आघात-चाचणी उणे २९ अंश सेल्सिअसला, तर ई ७०१८-१ ची उणे ४६ अंशांला होते. म्हणून पहिल्याऐवजी दुसरा वापरता येतो. उलट बदल मात्र चालत नाही. आर्द्रतारोधक वा हायड्रोजन-पातळीदर्शक प्रत्यय बदलल्यानेही फेरचाचणी लागत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संधात्याची पात्रता व पद्धतीची पात्रता या भिन्न बाबी आहेत. एफ-४ मध्ये उत्तीर्ण झालेला कारागीर काही अटींवर खालच्या गटांचे इलेक्ट्रोड वापरू शकतो. तेवढ्याने पद्धत मंजूर ठरत नाही.

शिक्षकांनी हा भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष नमुन्यांवरून समजावून द्यावा. पर्यवेक्षकांनी पाकिटावरील वर्गांक लेखी पद्धतीशी ताडून पाहिल्यावरच काम सुरू करू द्यावे.