झग्याविना वर्ग

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात एक जुने विद्यापीठ आहे. अठराव्या शतकात तेथील विद्यार्थी लाल झगा घालून वर्गात बसत. झगा हे विद्येचे चिन्ह मानले जाई. लोहार, सुतार, विणकर यांच्या अंगावर असा झगा कोठून असणार? विद्यापीठाच्या भिंतीआड काय शिकवतात, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.

१७५७ साली जॉन अँडरसन हे त्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. आपल्या नेहमीच्या वर्गाखेरीज त्यांनी प्रयोगांचा आणखी एक वर्ग चालवला. त्यात अवघड गणितापेक्षा प्रत्यक्ष प्रयोगांवर भर असे. शहरातील कारागिरांनी कामाच्या कपड्यांनिशी यावे, ऐकावे आणि पाहावे, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून या वर्गाला 'झग्याविना वर्ग' असे म्हटले जाई.

विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानाच्या साहित्यात वाफेच्या यंत्राचा एक लहान नमुना होता. तो नीट चालेना. १७६३ च्या सुमारास तो दुरुस्तीसाठी जेम्स वॅट या कारागिराकडे देण्यात आला. वॅट पदवीधर नव्हता. विद्यापीठाच्या आवारात त्याचे उपकरणांचे छोटेसे दुकान होते. नमुना दुरुस्त करताना त्याच्या ध्यानात आले की, यंत्राचे नळकांडे प्रत्येक खेपेस गार केले जाते आणि ते पुन्हा तापवण्यातच बरीचशी वाफ वाया जाते. तेव्हा १७६५ साली वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे जोडण्याची युक्ती त्याला सुचली. तिच्यामुळे यंत्राला लागणारा कोळसा पुष्कळच कमी झाला. कारागिराचा हात आणि शास्त्राचा विचार एकत्र आले म्हणजे काय घडते, हे त्या नमुन्याने दाखवून दिले.

१७९६ साली अँडरसन वारले. आपली मालमत्ता त्यांनी मृत्युपत्राने एका नव्या शिक्षणसंस्थेसाठी ठेवली होती. तेथे स्त्रियांनाही व्याख्याने ऐकता यावीत, असे त्यांनी लिहून ठेवले होते.

१७९९ साली या संस्थेत जॉर्ज बर्कबेक हे तेवीस वर्षांचे प्राध्यापक आले. प्रयोगांसाठी त्यांना पाणी उपसणाऱ्या एका यंत्राचा नमुना हवा होता. त्यासाठी ते पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारखान्यात गेले. तेथे कामकरी त्या नमुन्याभोवती गोळा झाले आणि उत्सुकतेने प्रश्न विचारू लागले. बर्कबेक यांच्या मनात आले, 'यंत्र घडवणाऱ्यालाच त्याचे शास्त्र कळू नये, हे कसे?' त्यांनी कामकऱ्यांसाठी विनामूल्य व्याख्याने देण्याचे ठरवले. पुष्कळांनी मान हलवली. कामकरी येणार नाहीत. आले तरी ऐकणार नाहीत. ऐकले तरी त्यांना समजणार नाही, असे ते म्हणू लागले.

१८०० साली व्याख्याने सुरू झाली. पहिल्या व्याख्यानास पंच्याहत्तर कामकरी आले. चौथ्या व्याख्यानापर्यंत ती संख्या पाचशेवर गेली! दिवसभर राबून थकलेली माणसे संध्याकाळी शास्त्र ऐकावयास येत होती. शंका घेणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

पुढे बर्कबेक लंडनला गेले. १८२३ साली त्यांनी इतरांच्या साह्याने तेथे कामकऱ्यांसाठी एक शिक्षणसंस्था काढली. आज ती लंडन विद्यापीठाचा भाग असून बर्कबेक यांच्याच नावाने ओळखली जाते. दिवसा नोकरी करणारे लोक आजही तेथे संध्याकाळी शिकतात. अँडरसन यांच्या संस्थेतूनच ग्लासगोचे स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ १९६४ साली उदयास आले.

मुलांनो, तुमच्या गावातही पंप दुरुस्त करणारा किंवा चाकाला धाव बसवणारा कोणी कारागीर असेल. त्याच्याजवळ जा, त्याचे काम पाहा आणि नम्रपणे विचारा, "हे असे का होते?" कदाचित तोही तुम्हांला उलट तोच प्रश्न विचारील. मग दोघे मिळून उत्तर शोधा.

अभ्यास
१. अँडरसन यांच्या वर्गाला 'झग्याविना वर्ग' का म्हणत?
२. वॅटला यंत्रातील कोणता दोष आढळला? त्याने तो कसा दूर केला?
३. 'पुष्कळांनी मान हलवली' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.